वहिनींच्या सायकलचा चिमटा

छोटीच्या फ्लॅटमधलं ड्रेनेज तुंबलं. प्लंबरने बाथरूमची फरशी उखडली आणि तो तीन दिवस गायब झाला. चौथ्या दिवशी उगवला तेव्हा खड्ड्याकडे असा बघत राहिला, जणू तो दुसऱ्याच कोणी खणला होता. म्हणाला, "अजून आठ दिवस धरा." छोटीने बॅग भरली आणि ती वहिनींकडे राहायला आली.

छोटी एकसष्ट वर्षांची होती. बत्तीस वर्षं तिने ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स म्हणून काढली होती आणि मोठमोठे सर्जन तिच्यासमोर आवाज खाली ठेवून बोलत. पण घरात ती शेंडेफळ, त्यामुळे नाव छोटी पडलं ते पडलंच. वहिनी म्हणजे तिच्या थोरल्या भावाची, दादाची बायको. वय चौसष्ट, शिवणकामाचं दुकान, आणि नात्यातले सोडाच, गिऱ्हाइकंही त्यांना वहिनीच म्हणत. दादा दोन वर्षांपूर्वी गेला. गेला तोही स्वतःचं म्हणणं खरं करून. डॉक्टर म्हणाले होते सहा महिने, तो म्हणाला होता चार.

नणंद-भावजयीचं नातं वाईट नव्हतं. चांगलं होतं असं म्हणायलाही कोणी धजलं नसतं. दोघी एकमेकींची चौकशी करत, वाढदिवसाला फोन करत, आणि तीन दिवसांच्या वर एका छताखाली राहत नसत. यावेळी आठ दिवस होते.

दुसऱ्याच दिवशी सकाळी वहिनी दुकानात जायला निघाल्या आणि दहा मिनिटांत सायकल हातात धरून परत आल्या.

ही सायकल दादाची. वीस इंची बुटकी चाकं, मधली दांडी खाली वाकलेली, पुढे टोपली. एक्केचाळीस वर्षांपूर्वी घेतलेली. वहिनींचे गुडघे चालायला तयार नसत, पण याच सायकलवर बसवलं की निमूटपणे फिरत. त्यामुळे दुकान, बँक, बाजार, सगळं तिच्यावरच. सायकल डावीकडे ओढायची, वहिनी उजवीकडे जोर लावायच्या, आणि या भांडणातून दोघी सरळ जायच्या.

"पुढून कट्‌ असा आवाज आला," वहिनी म्हणाल्या. "आणि हँडल लटपटायला लागलं."

छोटी चहाचा कप ठेवून खाली बसली. पुढचं चाक ज्यात बसतं त्या चिमट्यावरून तिने बोट फिरवलं. दोन्ही पाय जिथे वर एकत्र येतात तिथे वेल्डिंगचा जुना डाग होता आणि त्याच्या कडेने केसाएवढी चीर गेली होती.

"फ्रॅक्चर," ती म्हणाली. "तू यावर बसून आलीस?"

"उतरून आले. तेवढी अक्कल आहे." वहिनींनी डागाकडे पाहिलं आणि तोंडात यायचं ते आलंच. "शेवटी तुझ्या भिंतीने दावा साधला म्हणायचा!"

छोटीचा चेहरा जरासा ताठ झाला.

या भिंतीची गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती. छोटी वीस वर्षांची असताना नर्सिंगच्या प्रवेशाची मुलाखत होती. दादाने मोठ्या मनाने आपली नवी सायकल तिला दिली. छोटी ती घेऊन गेली, परत आली, काहीच बोलली नाही. दुसऱ्या दिवशी बाबांना चिमट्यावर ताजं वेल्डिंग दिसलं. त्यांनी विचारलं तेव्हा दादा खाली मान घालून म्हणाला, "छोटीने भिंतीला घातली. मी सकाळीच नीट करून आणली. तिला रागावू नका." छोटी ओरडून सांगत होती की मी कुठल्याही भिंतीला धडकले नाही. पण वेल्डिंग समोर होतं आणि दादाची मान खाली होती. तेव्हापासून घरात कुठेही भिंत दिसली की कोणीतरी म्हणायचंच, "छोटी, जपून गं."

"टाकून दे ती सायकल," वहिनींचा मुलगा फोनवर म्हणाला. त्याला आईच्या बाबतीत हे एकच वाक्य येत असे. फक्त वस्तू बदलायची. "रिक्षाने जात जा."

"तुला टाकून देईन," वहिनी म्हणाल्या आणि फोन ठेवला.

सायकल ढकलत दोघी कोपऱ्यावरच्या दुकानात गेल्या. दुकानदाराला सगळा मोहल्ला नन्ना म्हणायचा, कारण काहीही विचारलं तरी तो नन्नाचा पाढा लावायचा. हवा भरायला गेलेल्या माणसालाही आधी "नाही होणार" ऐकावं लागे, मग हवा मिळे. दुकान त्याच्या वडिलांचं. त्यांच्या काळात तिथे सगळ्या सायकली दुरुस्त व्हायच्या. आता बॅटरीवर चालणाऱ्या सायकली रांगेत उभ्या होत्या आणि नन्ना त्यांना लॅपटॉप जोडून बसला होता.

"नाही," तो वर न बघताच म्हणाला.

"काय नाही?" छोटीने विचारलं.

"वीस इंचीचा चिमटा. नाही मिळत. बंद झाला."

"त्या ढिगात काय आहे?"

दुकानाच्या मागे जुन्या चिमट्यांचा, चाकांचा आणि हँडलांचा गंजका डोंगर होता. छोटी त्यात घुसली. एक्स-रे बघावा तसा एकेक चिमटा उजेडात धरून ती बाजूला ठेवत होती. अर्ध्या तासाने ती एक काळा चिमटा घेऊन बाहेर आली. लहान चाकाचा, सरळ, बिनवेल्डिंगचा. फक्त त्याची दांडी, म्हणजे सायकलच्या मानेतून वर हँडलपर्यंत जाणारी नळी, जुन्यापेक्षा लांब वाटत होती.

"हा घेऊन जा," नन्ना म्हणाला, "पण बसवून मी देणार नाही. या जातीच्या सायकलला हात लावला की माणूस त्या दिवशी जेवायला घरी जात नाही. एक बसवलं की दुसरं बसत नाही."

"नाहीच बसणार, की तुम्हाला बसवता येत नाही?" छोटीने शांतपणे विचारलं. थिएटरमध्ये याच आवाजात विचारलं की सर्जन हातमोजे पुन्हा घालत.

"मला येतं. तुम्हाला नाही येणार."

झालं. वहिनींना कळून चुकलं की आता घरी जाऊन चिमटा बसवावा लागणार आहे.

वहिनींच्या घराच्या पुढच्या खोलीतही शिवणकामाचा पसारा होता. दोन मशिनं, कापड बेतायचं लांब टेबल, भिंतीवर दादाचा फोटो. त्यात दादा आपल्यालाच काहीतरी पटल्यासारखा हसत होता. छोटीने टेबलावरचं कापड हलवलं, वर्तमानपत्र अंथरलं, त्यावर पाने, हातोडा, स्क्रू ड्रायव्हर, रॉकेलची वाटी आणि चिंध्या ओळीने मांडल्या.

"पेशंटला खायला दिलंय का काही?" ती म्हणाली.

"टोपलीत कोथिंबीर आहे काल‌ची."

"काढ."

पुढचं चाक निघालं. ब्रेकची तार सुटली. हँडल मात्र जागचं हलेना. वहिनींनी सायकल दोन गुडघ्यांत धरली, छोटीने हँडल पिळलं, मग जागा बदलल्या, मग दोघींनी दादाला नावं ठेवली, कारण त्याने या सायकलला जन्मात कधी तेल दाखवलं नव्हतं. शेवटी छोटीने वरचा बोल्ट थोडा सैल केला आणि त्याच्या डोक्यावर लाकडाचा तुकडा ठेवून हातोडा हाणला. आत काहीतरी सुटल्याचा आवाज झाला आणि हँडल आज्ञाधारकपणे वर आलं.

वरचा मोठा नट निघाल्यावर छोटीने हात वर केला. "थांब. आता चिमटा खाली सरकला की छर्रे पडतील. वर एक वाटी, खाली एक वाटी, दोन्हींत छर्रे असतात. एकही हरवता कामा नये."

वहिनींनी खाली परात धरली. चिमटा घसरला आणि काळ्या ग्रीसमध्ये लडबडलेले छर्रे परातीत टपटपले. छोटीने ते रॉकेलमध्ये धुतले, पांढऱ्या कापडावर मांडले आणि मोजले.

"वरचे पंचवीस. खालचे चोवीस."

"मग चोवीसच असतील."

"एका ठिकाणी पंचवीस आणि दुसऱ्या ठिकाणी चोवीस?"

"तुझ्या भावाने एक पाडला असेल. हातात काय ठरायचं त्याच्या?"

"वहिनी, बत्तीस वर्षांत मी एकदाही 'आधीपासूनच कमी असेल' असं म्हणून पोट शिवू दिलं नाही. शोध."

दोघींनी खोली झाडली. मशिनच्या खालून सात गुंड्या निघाल्या, एक चेन निघाली, वहिनींच्या मुलाचा की कुणाचा तरी एक दुधाचा दात निघाला. छर्रा निघेना. शेवटी वहिनींनी कंटाळून टेबलावर कोपर टेकलं आणि त्या ओरडल्या. छर्रा ग्रीससकट त्यांच्याच कोपराला चिकटून तासभर घरभर फिरत होता.

"पंचवीस," छोटीने समाधानाने म्हटलं.

जुना चिमटा रॉकेलने पुसताना वहिनींना त्याच्या दांडीवर बारीक आकडे दिसले. कोणीतरी लोखंडात ठोकून उमटवलेले. सायकल जोडलेली असताना ही दांडी मानेच्या नळीत असते, त्यामुळे एवढ्या वर्षांत ते कोणाच्या नजरेला पडले नव्हते.

"तीन, पाच, आणि पुढे अजून दोन आकडे," वहिनींनी चष्मा वर सारून वाचलं. "कंपनीचा नंबर दिसतोय."

"असेल," छोटी म्हणाली. तिचं लक्ष नव्या चिमट्याकडे होतं. जुना मोठा नट ती त्याच्यावर फिरवत होती. दीड फेरा गेला आणि नट अडकला. उलटा काढला, पुन्हा लावला, पुन्हा दीड फेरा. "आटे जुळत नाहीत. याचे आटे जाड आहेत, नटाचे बारीक."

"जोर लाव ना."

"जोर लावून आटे मारू? मग नट येणारही नाही आणि जाणारही नाही. चल नन्नाकडे."

दोघी निघाल्या. एकीच्या हातात जुना चिमटा, दुसरीच्या हातात नवा. समोरून येणारे लोक जरा बाजूने जात होते.

"नाही मिळणार," नन्ना म्हणाला आणि ड्रॉवर उघडून नट शोधायला लागला. तीन डबे उपसल्यावर त्याला जाड आट्यांचा नट सापडला. नव्या दांडीवर तो लोण्यासारखा फिरला. "आता दांडी कापावी लागेल," तो म्हणाला. "कापण्याआधी नट खालपर्यंत चढवून ठेवा. कापून झालं की तोच नट बाहेर काढा. कापताना वाकडे झालेले आटे तो येता येता सरळ करतो." आपण चुकून उपयोगाचं बोललो हे लक्षात येऊन त्याने घाईघाईने जोडलं, "पण तुम्हाला नाही जमणार."

मग त्याची नजर जुन्या चिमट्यावर गेली. त्याने तो हातात घेतला, दांडीवरच्या आकड्यांवर अंगठा फिरवला, आणि पहिल्यांदाच त्याच्या तोंडावर हसू आलं.

"हे बाबांचं काम. बाबांनी वेल्डिंग केलेलं दिसतंय."

"तो कंपनीचा नंबर ना?" वहिनींनी विचारलं.

"नाही, नाही. तारीख आहे. बाबा वेल्डिंग केलं की तारीख ठोकायचे. आत, दिसणार नाही अशा जागी. गिऱ्हाईक दोन वर्षांनी यायचं आणि म्हणायचं, महिन्याभरात तुटलं. मग बाबा खोलून तारीख दाखवायचे. बघा, तीन तारीख, पाचवा महिना, आणि हे साल."

छोटीने चिमटा त्याच्या हातातून घेतला. आकडे उजेडाकडे धरून पुन्हा वाचले.

"माझी मुलाखत एकोणीस तारखेला होती," ती म्हणाली. "त्याच महिन्यात. त्याच वर्षी."

वहिनींनी बोटांवर हिशेब केला. एकोणीस तारखेला छोटीने सायकलला पहिल्यांदा हात लावला. वेल्डिंग तीन तारखेचं.

"तुमचे बाबा तारीख चुकायचे का कधी?" वहिनींनी विचारलं.

"बाबा?" नन्नाला हा प्रश्नच आवडला नाही. "नाही."

दोघी घरी आल्या. आल्या आल्या छोटीने भिंतीवरचा फोटो उतरवला, टेबलावर रॉकेलच्या वाटीशेजारी उभा केला आणि त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसली.

"गाढवा," ती म्हणाली.

दादा हसतच होता.

"सोळा दिवस आधी तूच आपटलास. गुपचूप वेल्डिंग करून आणलंस. बाबांना कळेल म्हणून सायकल ऑफिसात ठेवत होतास, तेव्हा म्हणाला होतास की घरी जागा नाही. आणि मग एकदम उदार झालास. छोटी, मुलाखतीला माझी सायकल ने. मला वाटलं, काय भाऊ आहे!"

वहिनी दारातच उभ्या होत्या. "त्याच्या हनुवटीवर खूण होती ना," त्या हळूच म्हणाल्या. "क्रिकेटचा बॉल लागला म्हणून सांगितलं होतं मला. कॅच घेताना. मी लग्नानंतर किती दिवस त्या खुणेचं कौतुक करत होते."

छोटीने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. मग पुन्हा फोटोकडे. "कॅच?"

"झेप घेऊन."

दोघींना हसू फुटलं. वहिनी हसता हसता स्टुलावर बसल्या, छोटीने डोळे पुसले, ग्रीसचा हात गालाला लागला. हसणं ओसरलं आणि छोटी एकदम म्हणाली, "तू कशाला हसतेस गं? भिंतीची गोष्ट सगळ्यात जास्त कोणी सांगितली?"

वहिनी स्टुलावरून उठल्या.

"दादाने तरी 'भिंतीला घातली' एवढंच सांगितलं होतं. घरमालक टॉवेल गुंडाळून बाहेर आला, तोंडाला साबणाचा फेस, आणि म्हणाला 'बाई, दार तिकडे आहे', हे कुठून आलं?"

वहिनींनी टेबलावरचा खडू उचलला, ठेवला, पुन्हा उचलला.

"टॉवेल मी घातला," त्या म्हणाल्या. "लग्नानंतर दोन-तीन वर्षांनी. चुलत जावेच्या घरी जेवण होतं. गोष्ट जरा फिकी वाटली मला. लोक हसले. मग दर वेळी हसायचे, म्हणून ठेवला."

"तू तिथे नव्हतीस. तेव्हा तुझं लग्नही झालं नव्हतं."

"नव्हते."

छोटीने चिमट्याच्या चिरेवरून नख फिरवलं. "बाबांनी मला सायकल कबूल केली होती. प्रवेश मिळाला तर. मिळाला, आणि ते म्हणाले, तुला नको, तू भिंतीला घालतेस. तीन वर्षं मी पाच चाळीसच्या बसने गेले. बस चुकली की मेट्रन दारात उभं करायची. पण ते जाऊ दे. तुला सांगू? एवढी माणसं एवढी वर्षं सांगतात म्हटल्यावर मलाच वाटायला लागलं की धडकले असेन. विसरले असेन. अलीकडे तर मला तो टॉवेल आठवायचा. निळ्या पट्ट्यांचा."

वहिनींनी खडू खाली ठेवला. चाळीस माणसांसमोर रंगवून सांगितलेली गोष्ट एका माणसासमोर परत घ्यायची होती आणि ते फार अवघड होतं.

"टॉवेल माझा," त्या शेवटी म्हणाल्या. "टॉवेलची माफी मागते."

"आणि भिंतीची?"

"तीही मीच मागते. तो मागायला येणार नाही. आणि आलाच तर मी घरात घेणार नाही."

छोटीने नाक ओढलं. फोटो उचलून पालथा घातला, मग काही वाटून पुन्हा सरळ केला. "बघू दे. कसं करतात ते शिकेल." आणि करवत हातात घेतली. "किती कापायचं?"

आता काम वहिनींच्या हद्दीत आलं होतं. त्यांनी गळ्यातली टेप काढली. जुनी दांडी मोजली, नवी मोजली, सायकलच्या मानेची नळी मोजली, वर वाट्या किती, नट किती, सगळं कागदावर लिहिलं आणि नव्या दांडीवर खडूने रेघ मारली.

"जुनीपेक्षा जास्त ठेवते आहेस," छोटी म्हणाली.

"तीन मिलिमीटर माया ठेवली आहे."

"माया म्हणजे?"

"शिवणीच्या आत जास्तीचं कापड सोडतात ना, ती माया. पुढे माणूस जाड झालं तर उसवून वाढवता येतं. लोखंड तर वाढतही नाही. जास्त झालं तर वॉशर घालू. कमी पडलं तर कोणाच्या नावाने रडायचं?"

छोटीने रेघेकडे पाहिलं. "आमच्या घरात सगळं अगदी अंगाबरोबर शिवलेलं होतं," ती म्हणाली.

 वहिनींनी टेप पुन्हा लावली, खडूची रेघ पुसली आणि आणखी एक मिलिमीटर वर मारली.

दांडी कापायला पाऊण तास गेला. नन्नाने सांगितल्याप्रमाणे नट आधीच चढवला होता. कापल्यावर तो कुरकुरत वर आला आणि आटे खरंच सरळ झाले. "नाही जमणार म्हणे," छोटी पुटपुटली. खालच्या वाटीखाली बसणारी कडी जुन्या चिमट्यावरून ठोकून काढली. ती नव्यावर बसवायची तर सगळीकडून सारखी ठोकायला हवी होती. वहिनींनी जुन्या इस्त्रीच्या टेबलाचा पोकळ पाय आणला, तो दांडीवरून खाली घातला आणि वरून हातोडा मारला. पाचव्या घावाला कडी ठक्‌ करून बसली. शेजारच्या बाईंनी खिडकीतून विचारलं, काय चाललंय. "खुबा बदलतोय," छोटीने सांगितलं. खिडकी बंद झाली.

ग्रीस भरलं, छर्रे लावले, पुन्हा मोजले. चिमटा वर सरकवला, नट आवळला, वॉशर दोन लागले. चाकाच्या दांड्याला खाच किंचित अरुंद पडली, ती कानशीने घासली. छोटी मागे सरून बघायला लागली आणि तिचा चेहरा उतरला.

"वहिनी."

"काय?"

"उलटा बसवला."

चिमट्याचा बाक पुढे यायला हवा होता. तो मागे, पायांकडे गेला होता. पेडल फिरवलं की चपलेचा अंगठा चाकाला लागत होता.

"वळव मग. हँडलच तर फिरवायचं."

"फिरवलं की ब्रेक मागे जाईल, सगळं पुन्हा जोडावं लागेल." छोटी खरंच हादरली होती. "चुकीच्या बाजूचं ऑपरेशन. बत्तीस वर्षांत कधी झालं नाही माझ्या हातून."

"पेशंट बोलतोय का काही?"

"नाही."

"मग नातेवाइकांना सांगू नकोस. आण तो पाना."

दुपार कलली तेव्हा सायकल सरळ उभी होती. मडगार्ड नव्या चिमट्याच्या भोकाला पोचत नव्हतं, ते वहिनींनी काळ्या नाडीने बांधलं आणि नाडीला अशी गाठ मारली की ती ब्रेकची तारच वाटावी.

गल्लीत नेल्यावर आधी वहिनी बसल्या. दोन पेडल मारली आणि सायकल सरळ उजवीकडे, दुधाच्या क्रेटच्या राशीकडे निघाली. वहिनी ओरडल्या, ब्रेक दाबला, उतरल्या.

"वाकडा बसलाय चिमटा! आता उजवीकडे ओढतोय!"

छोटीने सायकल घेतली. एक्केचाळीस वर्षांत ती बसली नव्हती. पहिल्यांदा पाय पेडलवर ठेवला आणि काढला. दुसऱ्यांदा ढकलली, डुगडुगली, आणि मग निघाली. गल्लीच्या टोकापर्यंत गेली, रस्त्याला लागली, दिसेनाशी झाली. वहिनी वाट बघत उभ्या राहिल्या. पाच मिनिटं झाली, दहा झाली. त्यांना काळजी वाटायला लागली आणि राग यायला लागला, त्या क्रमाने. पंधराव्या मिनिटाला छोटी दुसऱ्याच बाजूने उगवली. केस विस्कटलेले, तोंड लाल.

"सरळ चालते," ती धापा टाकत म्हणाली. "हात सोडले तरी सरळ चालते. तूच उजवीकडे ओढतेस. सवय लागली आहे तुला."

"हात सोडलेस? या वयात?"

"एकच."

मग छोटीने मागून सीट धरली आणि वहिनींना गल्लीत फेऱ्या मारायला लावल्या. "खांदे सोड. हाताला जोर लावू नकोस. अगं, कोणी ओढत नाहीये तुला!" चौथ्या फेरीला वहिनींचे खांदे खाली आले. सहाव्या फेरीला छोटी कधी सीट सोडून थांबली ते त्यांना कळलंच नाही.

संध्याकाळी छोटीने फोन घेतला आणि नातेवाईक एकेक करून लावायला सुरुवात केली. जो अन्याय एवढी वर्षं झाला होता तो आज पुराव्यानिशी धुवून काढायचा होता. काकांना ऐकू कमी येत असे, ते म्हणाले, "कोणती सायकल?" मामेबहीण म्हणाली, "सायकल? तू तर विहिरीत पडली होतीस ना?" वहिनींची चुलत जाऊ सगळं शांतपणे ऐकून म्हणाली, "म्हणजे टॉवेलवाल्याशी तुझं लग्न ठरत होतं, ते हेच का?"

छोटीने फोन ठेवला.

"कोणालाच आठवत नाही," ती म्हणाली. तिला रडावं की हसावं ते कळत नव्हतं. "मी एकटीच धरून बसले होते."

"मला आठवतंय," वहिनी म्हणाल्या. "मी सांगेन सगळ्यांना. नीट. तारखेसकट."

"आणि टॉवेल?"

वहिनींनी जरा विचार केला. "टॉवेल त्याला देते. तोच धडकला, घरमालक त्याच्याच अंगावर आला. चालेल?"

"फेस ठेव," छोटी म्हणाली.

छोटी आठाऐवजी बारा दिवस राहिली. प्लंबरचा फोन नवव्या दिवशीच आला होता, पण तिने "बघते" म्हणून सांगितलं. रोज सकाळी तास-दीड तास सायकल तिच्या ताब्यात असे, आणि वहिनी आपल्या दुकानात उशिरा जात. परत गेली त्या दिवशी छोटीने पाने पुसून ओळीने लावून ठेवले आणि वहिनींना बजावलं, पंधरा दिवसांनी नट पुन्हा आवळ.

दोन दिवसांनी तिला वहिनींचा फोन आला. मागून रस्त्याचे आवाज येत होते.

"छोटे, पुढचा ब्रेक किंचाळतोय. दाबला की सगळी गल्ली वळून बघते."

"किंचाळू दे," छोटी म्हणाली. "भूल उतरली की सगळेच किंचाळतात. पाणी प्यायला देऊ नकोस, आणि हळू चालव."